गेल्यानंतरची सवलत

नीलाचा आवाज चांगला आहे, हे तिला आयुष्यभर लोक सांगत आले होते. नागपूरला शाळेत शिकवायची तेव्हा मुली म्हणायच्या, बाई रागावल्या तरी ऐकत बसावंसं वाटतं. लग्नानंतर गुरुदत्तबरोबर ती अमेरिकेत आली, मिनिआपोलिसजवळ ईडन प्रेरीत घर झालं, मुलगा कॉलेजला गेला आणि मग तिने एका विमान कंपनीच्या रिझर्व्हेशन सेंटरमध्ये नोकरी धरली. वर्षभरात तिच्या सुपरवायझरने, कॅरलने, तो आवाज हेरला आणि तिला बिरीव्हमेंट डेस्कवर बसवलं. घरातलं माणूस गेल्यावर तातडीने निघणाऱ्यांना कंपनी तिकिटात सवलत द्यायची. त्यांचे फोन या डेस्कवर यायचे.

नियम मोजके होते. गेलेल्याचं नाव, नातं, दिवस आणि खात्री करायला फ्युनरल होमचा नाहीतर हॉस्पिटलचा फोन नंबर. हुंदके देणाऱ्या माणसाला नावाचं स्पेलिंग विचारायचं. पहिले काही महिने नीला घरी येऊन नुसती ताटासमोर बसून राहायची. पुढे अंगवळणी पडलं. मग गुरुदत्तची नोकरी गेली, पाठोपाठ किडन्यांनी दगा दिला आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. इन्शुरन्स आता नीलाच्या नोकरीवर होता, त्यामुळे काम आवडतं की नाही हा विषयच संपला.

२००३ च्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी सकाळी, आयोवातून एका मुलीचा फोन आला. ज्ञानदा तिचं नाव. तिथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होती, घर अमरावतीला. वडिलांना ब्रेन हॅमरेज झालं होतं, आयसीयूत होते, डॉक्टरांनी मुलीला बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं. ती इंग्रजीत बोलत होती, पण 'बाबा' हा शब्द तिला इंग्रजीत करता येत नव्हता.

नीलाने नियम सांगितला. सवलत मृत्यूनंतर मिळते, आजारपणासाठी नाही. आजच्या आज निघायचं तर पूर्ण भाडं पडेल. ज्ञानदाने तो आकडा पुन्हा सांगायला लावला.

मग ज्ञानदाने विचारलं, "म्हणजे बाबा जाईपर्यंत मी वाट बघायची का?"

हे तिने मराठीत विचारलं, बहुधा स्वतःलाच. डेस्कवर इंग्रजीच बोलायचं असा दंडक होता, फोन रेकॉर्ड व्हायचे. दोन वर्षांत नीलाने तो कधी मोडला नव्हता. त्या दिवशी तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली, "बाळा, दोन दिवस थांब. मी वर विचारून बघते."

ज्ञानदा रडायला लागली. थँक यू काकू, थँक यू, एवढंच म्हणत राहिली.

नीलाने खरंच विचारलं. त्याच दुपारी कॅरलकडे गेली. अपवाद करायचा तर हेड ऑफिसची परवानगी लागेल, असं कॅरल म्हणाली, म्हणून नीलाने घरी न जाता तिथेच बसून सविस्तर ईमेल लिहिली. बुधवारी उत्तर नव्हतं. गुरुवारी तिने आठवण करून दिली. ज्ञानदाचा दोन्ही दिवस फोन आला आणि दोन्ही दिवस नीलाने तिला सांगितलं, अजून काही कळलं नाही, पण मी मागे लागले आहे.

शुक्रवारी सकाळी सहाला शिफ्ट सुरू झाली तेव्हा हेड ऑफिसचं उत्तर येऊन पडलं होतं. नियमात बसत नाही. अर्ध्या तासात ज्ञानदाचा फोन आला. या वेळी ती रडत नव्हती.

"काकू, आता मी नियमात बसते," ती म्हणाली.

अमरावतीला तेव्हा संध्याकाळ होती. वडील पहाटे गेले होते. दुपारी अंत्यसंस्कारही उरकले, चुलतभावाने अग्नी दिला. नीलाने विचारायचं ते सगळं विचारलं. नाव, नातं, दिवस. फ्युनरल होम तिथे कुठून असणार. हॉस्पिटलचा नंबर लावला तर रिंग वाजून वाजून थांबायची. कॅरल म्हणाली, घरचा नंबर चालेल, कुणीतरी दुजोरा दिला की झालं. ज्ञानदाला होल्डवर ठेवून नीलाने अमरावतीला फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला गेला. थकलेला बायकी आवाज आला, "ज्ञानू? निघालीस का गं?"

नीलाने आपण कोण ते सांगितलं. मग तिला विचारावं लागलं. पहाटे नवरा गेलेल्या बाईला तिने विचारलं, की तुमचे यजमान वारले हे खरं आहे का. कॅरल शेजारी उभी होती, ऐकत होती. पलीकडच्या बाईंनी घसा साफ केला आणि शाळेत हजेरी द्यावी तसं नवऱ्याचं पूर्ण नाव, वय आणि वेळ सांगितली. शेवटी म्हणाल्या, "अजून काही लागतं का? कागद उद्या देतील म्हणे."

काही लागत नव्हतं. तिकीट निघालं. ज्ञानदा रविवारी घरी पोचली असणार, तोवर घरात फक्त दिवा होता.

नीलाने दुसऱ्या कामावर बदली मागितली. कॅरल समजूतदार बाई होती, पण म्हणाली, या डेस्कवर तुझ्याइतकं कुणी जमवत नाही, आणि बदलीत तास कमी झाले तर इन्शुरन्सचं काय. नीला परत येऊन बसली. स्वतःशी म्हणायची, आपण प्रयत्न तरी केला. हा एक टेकू होता आणि त्यावर तिची तीन वर्षं निभली.

२००६ च्या गणपतीला तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ती पंगतीत वाढत होती. शाळेच्या हॉलमध्ये पाच-सहाशे माणसं. "मठ्ठा घेणार का?" असं तिने एका तरुणीला विचारलं आणि त्या मुलीने ताट खाली ठेवलं.

"तुम्ही नीला काकू ना? एअरलाइनच्या?"

चेहरा ओळखीचा असण्याचा प्रश्नच नव्हता, मुलीने आवाज ओळखला होता. ज्ञानदा पीएचडी अर्धी सोडून मिनिआपोलिसला नोकरीला लागली होती. दोघी भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसल्या. मुलगी शांत होती, नीट बोलत होती, आईची चौकशी केल्यावर आई बरी आहे म्हणाली. तेव्हा नीलाने इतके दिवस मनात असलेलं बोलून टाकलं, की मी खूप खटपट केली गं, पण त्यांनी ऐकलं नाही.

"माहितेय मला," ज्ञानदा म्हणाली. "मंगळवारीच माझी रूममेट, लतिका, तिचं क्रेडिट कार्ड घेऊन आली होती. म्हणाली, बुक कर आत्ता, मग बघू. मीच नको म्हटलं. काकू मराठी आहेत, त्यांनी दोन दिवस थांबायला सांगितलंय, त्या करतील, असं म्हणाले मी तिला."

नीलाच्या हातात मठ्ठ्याचं भांडं तसंच होतं.

"गुरुवारी बाबा शुद्धीवर आले होते, दुपारी तासभर. मंगळवारी निघाले असते तर पोचले असते. आयसीयूचं दार उघडलं की विचारायचे, ज्ञानू आली का." मग म्हणाली, "तुमची चूक नाही काकू. तुम्ही नुसतं नाही म्हणाला असतात, तर मी निघाले असते, एवढंच."

ती रागाने बोलत नव्हती. रागाने बोलली असती तर नीलाला काहीतरी उत्तर सुचलं असतं. कुणीतरी ज्ञानदाला हाक मारली, ती वाकून नमस्कार करून गेली. आरतीला नीला थांबली नाही.

कार्यक्रमाला गुरुदत्तही आला होता; घरी जाताना गाडीत तिने त्याला सगळं सांगितलं. दुखण्याने तो आता फार बोलत नसे. एवढंच म्हणाला, "तू चांगल्या मनानेच म्हणालीस ना." नीलाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद न करता स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिली. त्याने हात लांबवला, पण डायलिसिसच्या सुया टोचायचा, फिस्टुलाचा हात होता, बँडेज बांधलेला, पुरता उचलेना.

सोमवारी सहा वाजता ती कामावर हजर होती. नोकरी सोडण्याची सोय नव्हती. त्यानंतर डेस्कवर मराठी माणसाचा फोन आला, आणि असे फोन वर्षातून तीन-चार वेळा यायचेच, की आडनावावरून ती ओळखायची आणि इंग्रजीतच बोलायची. आजारपणासाठी विचारलं तर नाही म्हणायची. एकदा पुण्याच्या एका गृहस्थांनी चाचरत विचारलं, आपण मराठी का? तिने त्यालाही नाही म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर पुढचा घेतला.