पावणं, डावीकडनं जावा

कसबा बावड्यात कारखान्याची पाळी संपवून मी ज्याच्याकडं दाढीला बसायचो, तो न्हावी कायम दमलेल्या आवाजात बोलायचा. कुणी काहीही सांगितलं की म्हणायचा, "व्हय, आसंल." कान तालमीतल्या माणसासारखे चुरगळलेले, पण कुस्तीचा विषय त्यानं कधी काढला नाही.

एकदा दुकानातल्या टीव्हीवर ऑलिंपिकच्या कुस्त्या लागल्या होत्या. कुठल्याशा चिमुकल्या बेटाचा एकुलता एक पैलवान बघता बघता चीत झाला. बाकावरचे हसले. "एवढ्यासाठी इमानात बसून आलतं व्हय," एकजण म्हणाला.

न्हाव्याचा वस्तरा माझ्या गालावरच थांबला. "कोपऱ्यात कोन न्हाय की त्येच्या. टावेल द्यायला बी."

पैलवानानं आपली पिशवी आपणच उचलली. बाहेर जायचं दार काही त्याला सापडेना. न्हावी वस्तऱ्यानं पडद्याकडं दाखवत हळूच म्हणाला, "पावणं, डावीकडनं जावा. तिकडनंच आलतासा."

तेवढ्यात जाहिरात लागली. मग माझी उरलेली दाढी त्यानं पुरी केली.

चार दिवसांनी गेलो तर टीव्ही बंद होता. माझ्या मानेला कापड बांधता बांधता त्यानं विचारलं, "घावलं आसंल का त्येला दार?"

"व्हय," मी म्हणालो, "आसंल."