एक कटोरा चहाची पारख

सरोवराच्या पूर्वेकडच्या त्या किरगीझ गावात भांग कोणी पेरत नाही. ती आपली कुंपणामागे, कबरस्तानाच्या वाटेवर, कोणाला न विचारता घोड्याच्या कानापर्यंत वाढते. बुबुसारा नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या शेंड्यांवरून तळवे फिरवत आली. तळव्यांना डिंक चढायचा, मग अंगठ्यानं तो सोलून काढायचा. दुसऱ्यांचा माल चुरा मिसळलेला, हिचा मात्र मेणासारखा तुकतुकीत. मालाची पारखही ठरलेली. घेणाऱ्यानं एक झुरका मारायचा आणि चहा घ्यायचा. कटोरा रिकामा व्हायच्या आत डोकं फिरलं तर माल खरा. बुबुसाराच्या अंगणात आजवर एकाचाही कटोरा रिकामा झाला नव्हता. स्वतः तिनं मात्र जन्मात झुरका घेतला नाही. "धूर सोडायला मी काय चहाचा बंब आहे?" म्हणायची.

तिचा नवरा जुमाकादिर घोडे शिकवायचा. जूनपासून अंथरुणाला खिळला होता. यकृतात गाठ, आणि आता आठ दिवस पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. मुलगी अनारकान मॉस्कोत एका हॉटेलात खोल्या झाडायची. तिला चार दिवसांची सुटी मिळाली, त्यातली बरीचशी प्रवासातच जाणार. सोमवारी दुपारी यायचं, मंगळवारी सकाळी निघायचं. फोनवर म्हणाली होती, "आके, आपण एका ताटात जेवायचं हं." आके म्हणजे बाप; आई किंवा कोणतीही थोरली बाई ती आपा. तेव्हापासून जुमाकादिरला एकच ध्यास. लेकीसमोर उठून बसायचं, तिच्या ताटातले चार घास खायचे. त्यापुढं त्याला काही नको होतं.

शेजारचा मामित नाकात बोलतो. प्रत्येक वाक्य त्याला सर्दी झाल्यासारखं बाहेर पडतं. तो म्हणाला, "वहिनी, आमच्या म्हातारीला शेवटी तुमचाच माल मेंढीच्या शेपटीच्या चरबीत कढवून दिला होता. पाण्याला शिवत नव्हती हो! संध्याकाळी मेंढीचं अख्खं डोकं खाल्लं आणि वर विचारते, दुसरं कुठाय?"

"किती दिला होता?"

"ते काय मोजलंय का कोणी? दिला थोडा."

सोमवारी सकाळी बुबुसारानं चरबी वितळवली. त्यात वाटाण्याएवढा माल विरघळवला, पावाला लावला आणि नवऱ्याच्या तोंडात घातला. मग चहा ओतून समोर बसली. तिचा कटोरा संपला. जुमाकादिर छताकडे बघत होता.

"काही वाटतंय?"

"वाटतंय ना. पावाला चरबी जास्त झाली."

दुसरा कटोरा संपला, तरी काही नाही. दुखणं जिथल्या तिथं. जुमाकादिर तसाही चेष्टेखोर. हसायला जोर नव्हता, तरी म्हणाला, "म्हातारे, बिचाऱ्या गिऱ्हाइकांना तू जन्मभर शेण विकलंस की काय?"

हे तिला लागलं. त्याच्या दुखण्यावर ती सहा महिने गप्प बसली होती, पण मालावर बोट ठेवलेलं तिला खपलं नाही. "शेण? थांब, दाखवते शेण." तिनं दुसरा तुकडा दिला, त्याहून मोठा. अर्ध्या तासानं तिसरा.

अकराच्या सुमाराला तो हसायला लागला. बुबुसाराला हायसं वाटलं. ती चुलीवर रस्सा चढवायला गेली. परत आली तेव्हा हसू थांबलं होतं. डोळे लालभडक, जीभ टाळूला चिकटलेली. छाती अशी उडत होती की पांघरूण हलत होतं. "भिंतीवरचा लोकरी नमदा चालायला लागलाय, धर त्याला," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "मी इथं किती वर्षं पडलोय?"

अनारकान आली ती या वेळी. कापलेले केस, अंगात फुगीर जाकीट. बॅग दारातच टाकून ती वाकली, "आके, मी आले."

जुमाकादिर भिंतीला चिकटला. "ही कोण? कोणी बोलावलं हिला? म्हातारे, ही मला न्यायला आलीय, हाकल हिला!"

"अहो, अनार आहे!"

"हाकल म्हणतो ना!"

बुबुसारानं बोलावणं धाडलं, तशी दवाखान्यातली नर्स रोजा धावत आली. तिनं नाडी धरली, चरबीचं भांडं हुंगलं आणि कपाळाला हात लावला. "आपा, धूर छातीतून सरळ डोक्यात जातो. म्हणून तुमची गिऱ्हाइकं चहा संपायच्या आत डुलतात. खाल्लेलं पोटातून यकृतात जातं. तिथं ते आणखी जालीम होतं, मग डोक्यात चढतं. दीड-दोन तास लागतात. तुम्ही पहिलं चढायच्या आत तिसरं दिलंत."

"उतरेल ना?"

"यांचं यकृत धड आहे का, लवकर उतरायला? भूक लागावी, दुखणं सोसवावं म्हणून शरीर असलंच काहीतरी स्वतः बनवतं, थेंबाथेंबानं. तुम्ही घागर ओतलीत. जिवाला धोका नाही बहुतेक. उजेड कमी करा, पाणी पाजा, त्यांच्याशी हळू बोला."

अनारकाननं जाकीट काढलं. बापाला दिसणार नाही अशी उशागती बसली, चमच्यानं पाणी पाजत राहिली. तो झोपला तशी तिनं त्याची पावलं चोळली. मंगळवारी सकाळी गाडी दाराशी आली, तेव्हाही तो घोरतच होता.

"उठवू?" बुबुसारानं विचारलं.

"आणि पुन्हा ओरडले तर? नको आपा. मी जाताना त्यांचं ओरडणंच तेवढं सोबत घेऊन जाऊ का?"

गाडी गेली. दोन तासांनी जुमाकादिर जागा झाला. डोळे स्वच्छ. स्वतःच कोपरावर उठला.

"म्हातारे, भूक लागलीय गं!"

कालचाच रस्सा होता. तो दोन कटोरे भरून प्यायला, वर त्यानं पावही कुस्करला. ओठ पुसत म्हणाला, "शब्द मागं घेतो. माल खरा आहे तुझा. आज सोमवार ना? अनार कुठवर आली?"

बुबुसारा उठली. बाहेर जाऊन तिनं फोन लावला. "उठलेत," म्हणाली. "जेवलेत. तुला विचारतायत." पलीकडे गाडीची घरघर ऐकू येत होती. विमान संध्याकाळचं होतं, आणि ते चुकलं तर नोकरी गेली. मग अनारकान म्हणाली, "दे त्यांना."

बुबुसारानं फोन नवऱ्याच्या कानाला लावला.

"अनार? निघालीस का गं?"

"निघालेय आके."

"ऐकू येतेय गाडी," जुमाकादिर खुशीत म्हणाला. फोन परत देऊन त्यानं भिंतीला पाठ टेकली. "मला टोपी दे. आणि मोठं ताट काढून ठेव."

बुबुसारानं ताट काढलं.