मागून ढकलणारी आणि पुढून ओढणारी

आष्ट्याजवळच्या आमच्या मळ्यात दोन म्हाताऱ्या गाड्या होत्या. थोरल्या दादाच्या जीपला मागची चाकं ढकलायची, आणि तिला वळवायला निम्मं शिवार लागायचं. माझ्या छोट्या गाडीला पुढची चाकं ओढायची. तिच्या मागच्या सीटवर बसलं की माणसाचे गुडघे थेट कानाशी हितगुज करायचे. दोघीही आमच्या मते अजोड होत्या. बाकी जगाचं मत कुणी विचारलं नव्हतं.

मग वहिनीनं म्हशी घ्यायचं ठरवलं आणि गाड्यांची निम्मी शेड मागितली. एक गाडी विकायची! कोणती, ते उसातली वाट ठरवणार. जी सडकेला लागेल ती राहील. उसाला नुकतंच पाणी दिलं होतं, त्यामुळं वाटेवर काळ्या मातीचं झकास श्रीखंड झालं होतं.

दादा फौजेतला निवृत्त ड्रायव्हर. त्यानं जीपच्या मागं युरियाची पोती टाकली आणि हत्तीसारखा झुलत सडकेवर पोचला. मग औदार्याचा कहर! तीच पोती त्यानं माझ्या डिकीत भरायला लावली.

"मागं वजन टाकलं की पकड येती, गड्या. मिल्ट्रीतलं ग्यान हाय. न्हाईतर म्हणशील, थोरल्यानं अन्याय केला."

आमच्या घरात थोरल्याच्या ज्ञानावर शंका घेणं म्हणजे देवाच्या पालखीला ब्रेक आहेत का, असं विचारणं. मी निमूट पोती भरली.

गाडीनं बूड टेकलं आणि नाक आभाळाकडं केलं. पुढची चाकं जमिनीला जेमतेम शिवत होती. ती गरगर फिरली आणि दादाचा पांढरा लेंगा काळा करून थांबली.

बांधावरून वहिनी म्हणाली, "भावजी, तुमच्या गाडीची वढणारी चाकं कुठली?"

"पुढची."

"मग वजन मागं कशाला? आवं, उतरवा ती पोती. " मग ती दादाकडं वळली. "आन् तुमी बसा बॉनेटवर."

"मी?" दादा दचकला.

"पोत्यापरीस लय वजनदार हाय तुमी."

देशाचा माजी सैनिक वायपर धरून बॉनेटवर बसला आणि गाडी सुळकन सडकेवर आली. खाली उतरताच दादा गरजला, "माझ्या वजनानं निघाली! म्हंजे मीच जिंकलो!"

"व्हय की, जिंकला," वहिनी म्हणाली. "जीपला पोतंबी चालतंय. छोटीला तुमीच लागताय. मग इकायची कुठली?"

हा मान की अपमान, हे दादाला कळेना. सगळे बघत होते, म्हणून त्यानं मान समजून घेतला.

जीप इस्लामपूरच्या गिऱ्हाइकाला गेली. दादा ती स्वतः सोडून आला. मी त्याला आणायला मागोमाग गेलो होतो. किल्ली देताना त्यानं नव्या मालकाला क्लचबद्दल इतक्या सूचना दिल्या, जणू लेक सासरी निघाली होती. परतीला तो माझ्याशेजारी बसला. मळ्याची वाट आली, चिखल दिसला, आणि मी काही म्हणायच्या आत दादा डॅशबोर्डवर झुकून बसला.

"चल रं," तो म्हणाला, "वजन दिलंय मी."