चौथं जू

हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी हैदराबादला रसायनशास्त्र शिकत होतो आणि सुट्टीत पिंगळीजवळच्या आमच्या गावी आलो होतो. त्या उन्हाळ्यात घटसर्पानं आमचे दोन्ही बैल गेले. पेरणी तोंडावर आली तसे वडील म्हणाले, "यंदा शिकनं ऱ्हाऊ दे. दोघं मिळून मजुरी करू." माझं शेवटचं वर्ष होतं.

माझा राग वेगळाच होता. शेजारचे काका आपली बैलजोडी द्यायला एका पायावर तयार होते. वडीलच नको म्हणत. आमच्याकडे सावड करतात. एक बैल तुझा, एक माझा, आधी तुझं रान, मग माझं. ज्याच्या दावणीला एकही बैल नाही त्यानं सावड मागायची कोणत्या तोंडानं, हा त्यांचा हेका.

एका दुपारी त्यांनी विचारलं, "तिथं शिकायलास तरी काय?"

मी तणतणतच कोळसा घेतला आणि ओसरीवर मधोमध कार्बन काढला, भोवती चार जुवं. प्रत्येक जुवात बैलांसारखे दोन कण, एक कार्बनचा, एक हायड्रोजनचा. कधी एखादा सोबती दोन्ही कण घेऊन चालता होतो आणि चौथं जू रिकामं पडतं. ह्याला मेथिल कॅटायन म्हणतात. इतका उतावळा की बाटलीत ठेवता येत नाही. भेटेल त्याला धरतो, पाण्यालासुद्धा.

"पर ह्याच्याकडं काईच न्हाई. सावड व्हती कशी?"

"पाणी दोन्ही बैल आपलेच आणतं."

"मंग ह्यानं काय दिलं?"

"जागा."

वडिलांनी रिकाम्या जुवावर बोट ठेवलं. "अन् पाण्याला त्येचं काई वाटत न्हाई?"

"नाही. दोघांचं मिळून नवंच काहीतरी होतं, निवांत." मधे एक हायड्रोजन सुटून जातो, ते मी गाळलं. परीक्षेत मार्क गेले असते.

ते उठले, पटका बांधला आणि बाहेर पडले. कंटाळले असतील, असं मला वाटलं.

पेरणी काकांच्या बैलांनी झाली. काकांनीच शेवटी गळ घातली असेल, असं मी धरून चाललो. मजुरीचं बोलणं मागं पडलं. हैदराबादच्या गाडीवर मला पोचवायला दोघंही पिंगळीच्या स्टेशनावर आले. वडील रुळांकडे बघत उभे होते. काकांनी मला बाजूला घेतलं.

"तुज्या बापानं जन्मात कुनाला काई मागितलं न्हाई. त्या दिवशी माज्या दारात उभं ऱ्हाऊन म्हनला, 'माज्याकडं नुसती जागा हाय.' मला कायबी कळलं न्हाई बग, पर मी बैल सोडले. म्हंजी काय रं ते?"

मी वाकून काकांचे पाय धरले.