रुमालाखालचं पुस्तक

धुळ्याच्या आठवडी बाजारात कांद्याची रांग संपून भांड्यांची दुकानं सुरू होतात, त्या मधल्या जागेत सत्तार मोमीन यांचं पोतं अंथरलेलं असायचं. साल १९८५ पासूनचं. पोत्यावर जुनी पुस्तकं आणि मासिकं: क्रोशाची, भरतकामाची, शिवणाची, विदेशी स्वेटरची. बहुतेकांना कव्हर नसे. पुस्तकांना भाव लिहिलेला नसे. ती लिलावात जात.

सत्तार मूळचे विणकर. घरात खड्डामाग होता. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. बापाकडून हेच आलं. आजूबाजूच्या घरांत यंत्रमाग आले तेव्हा गल्लीतल्या आवाजात सत्तार यांचा माग ऐकू येईनासा झाला. साधा पंचा यंत्रमाग निम्म्या भावात काढू लागला. हातमागाला जागा उरली ती फक्त नक्षीच्या काठाला. पाच नंबरच्या गल्लीतला एक कापडवाला नक्षीकाठाच्या चादरी घ्यायचा, पण त्याला दर खेपेला नवी नक्षी हवी असे. बापानं शिकवलेल्या नक्ष्या दोन हंगामांत संपल्या.

सुतासाठी सत्तार जळगावला जात. तिथे रुपचंद नावाचा रद्दीवाला होता. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन कुटुंबं त्या काळात एकेक करून परदेशी निघाली होती आणि त्यांच्या घरातला कागद रुपचंदकडे येत होता. त्या ढिगात सत्तार यांना एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. हातमागावरच्या नक्षीचं. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. पण पानापानावर चौकोन आखलेले होते, काही काळे, काही पांढरे. काळा चौकोन म्हणजे ताण्याचा धागा वर, पांढरा म्हणजे खाली. एवढं कळायला अक्षर लागत नाही. रुपचंदनं ते सुटं द्यायला नकार दिला. घ्यायचा तर अख्खा गठ्ठा घे, म्हणाला. गठ्ठ्यात बाकी सगळी बायकांची मासिकं.

ती मासिकं खपवण्यासाठी सत्तार बाजारात बसले. धंदा असा सुरू झाला.

लिलावाची कल्पना चिंधा आबांची. चिंधा आबा बैलबाजारातले जुने दलाल. गुडघे गेल्यामुळे आता बैलांमागे धावता येत नव्हतं, म्हणून सत्तार यांच्या पोत्याजवळ बसून असत. त्यांनी पाहिलं की एकाच मासिकावर दोन बायका हात ठेवून भांडतात. भांडणाचं कारण रुखवत. लग्नात मांडलेल्या रुखवतातलं तोरण गावात दुसऱ्या कुणाकडे असेल तर मुलीच्या आईची मान खाली जाते. तेव्हा नमुना आपल्यालाच मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी आपण किती मोजले हे शेजारणीला कळता कामा नये.

“मंग रुमाल टाक,” चिंधा आबा म्हणाले. “बैल बी असाच इकतस.”

बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्यावर रुमाल टाकतो, घेणारा रुमालाखाली हात घालून त्याची बोटं दाबतो. किती बोटं, कुठल्या पेरावर, त्यावरून आकडा. एकाचा आकडा दुसऱ्याला कळत नाही. सगळ्यांचे हात झाले की दलाल मनाशी ठरवतो आणि माल एकाच्या हवाली करतो. रुमाल उचलला की सौदा पक्का. तो कुणाच्या बापाला फिरवता येत नाही.

बायका चिंधा आबांचा हात धरणार नव्हत्या. म्हणून सत्तार यांची बायको हसीनाबी रुमाल घेऊन बसली. पुरुषांचे, म्हणजे शिंप्यांचे, हात चिंधा आबांनी घ्यायचे, बायकांचे हसीनाबींनी, आणि शेवटी दोघांनी आपापला आकडा त्याच रुमालाखाली एकमेकांना सांगायचा. पहिल्या काही बाजारांत यावर लोक हसले. चिंधा आबांची बायको मुद्दाम एकदा पाहायला येऊन गेली. त्यानंतर आबा पुरुषांचे आकडे हसीनाबींना कानात सांगू लागले, आणि पुढे पुढे सगळेच हात हसीनाबींकडे आले. रुमाल सत्तार यांनी स्वतः विणलेला होता, लाल काठाचा, मांडीभर रुंद. अभिमन टेलर दर बाजारी येत आणि रुमालाखाली हात घालताना म्हणत, “भाभी, हळू दाबा. उद्या सुई धरायची आहे.”

“सुई धरता येते का तुम्हाला?” हसीनाबी विचारत. “मागच्या ईदचा आमच्या शहनाजचा कुर्ता अजून उसवतोय.”

ते जाड पुस्तक मात्र पोत्यावर कधी आलं नाही. सत्तार ते पिशवीत घेऊन फिरत. नव्या गठ्ठ्यात त्याचा दुसरा भाग निघतो का, हे पाहायला सोबत लागतं, असं सांगत. घरी माग चालू ठेवणारी गोष्ट ती होती. पुस्तकातली एक नक्षी एका चादरीला, दुसरी दुसरीला. पानं भरपूर होती. कापडवाला खूश होता.

१९८९ च्या लग्नसराईआधीचा बाजार. रुमाल सपाट राहावा म्हणून हसीनाबी मांडीवर एक फळी घेत. त्या दिवशी फळी घरी राहिली. सत्तार यांनी पिशवीतलं पुस्तक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं, वर रुमाल टाकला. चिंधा आबांनी क्रोशाचं एक मासिक हातात उंच धरलं आणि हाळी दिली. बायका एकेक करून हात घालून गेल्या.

शेवटी मंजुळाबाई आल्या. त्या साक्रीच्या. तिथे मुलींचा शिवणवर्ग चालवायच्या. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर बैल विकले होते, त्यामुळे रुमालाचा रिवाज त्यांना चिंधा आबांइतकाच ठाऊक होता. त्या रिवाजातली एक गोष्ट सत्तार यांना कुणी सांगितली नव्हती: ज्या जनावराच्या पाठीवर रुमाल पडतो, ते विक्रीला. दलाल तोंडानं काहीही ओरडत असो.

रुमाल टाकण्याआधी मंजुळाबाईंनी पुस्तक ओझरतं पाहिलं होतं. चौकोनांच्या नक्ष्या म्हणजे त्यांच्या लेखी फुलीच्या टाक्याचे नमुने, वर्गाला दहा वर्षं पुरतील इतके. रुमालाखाली हात गेल्यावर बोटांना पुठ्ठा लागला. त्यांनी हसीनाबींची बोटं अशी दाबली की हसीनाबींनी चमकून वर पाहिलं. क्रोशाच्या एका मासिकाला एवढे कुणी दिले नव्हते. पण गिऱ्हाईक देत असताना आपण का अडवायचं? त्यांनी रुमाल उचलला.

मंजुळाबाईंनी मांडीवरचं पुस्तक उचलून पिशवीत टाकलं.

“बाई, ते नाही,” सत्तार म्हणाले. “हे, मासिक तुमचं. ते विकायचं नाहीये.”

“मग रुमालाखाली कशाला ठेवलं?”

“फळी विसरली म्हणून.”

आजूबाजूला लोक जमले. अभिमन टेलर म्हणाले, फळी असती तर बाईंनी फळी नेली असती. सत्तार यांनी चिंधा आबांकडे पाहिलं. निवाडा त्यांचाच होता.

 चिंधा आबांना पुस्तकाचं मोल माहीत होतं. सत्तार यांच्या घरी ते चहा प्यायचे ते मागाशेजारी बसूनच. मग म्हणाले, “सत्तार, रुमाल तूच टाकेल शे. मी नई. रुमालखालचं गयं.”

सत्तार यांनी त्यावर वाद घातला नाही. ज्या रिवाजावर चार वर्षं धंदा केला, तो आपल्यावर उलटला म्हणून मोडायचा तर पुढच्या बाजारी रुमालाखाली हात कोण घालणार, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मासिकही बाईंच्या पिशवीत टाकलं.  घरी पोचल्यावर हसीनाबी दारात म्हणाल्या, “फळी मी विसरले.” सत्तार म्हणाले, “पुस्तक मी ठेवलं.” त्या विषयावर दोघांचं बोलणं तेवढंच, असं त्यांची मुलगी शहनाज सांगते.

पुढच्या महिन्यात कापडवाल्यानं नवी नक्षी मागितली. सत्तार साक्रीच्या एस.टी.त बसले.

मंजुळाबाईंना वाटलं, सत्तार पुस्तक परत मागायला आले. त्यांनी तोपर्यंत चौकशी केली होती, त्या पुस्तकावरच सत्तार यांचा माग चालतो हे त्यांना कळलं होतं, आणि त्या थोड्या शरमल्याही होत्या. पुस्तक आणून त्यांनी समोर ठेवलं. “न्या भाऊ. मी नमुने उतरवून घेतलेत थोडे.”

“घेता येणार नाही,” सत्तार म्हणाले. “रुमालाखालचं आहे. फक्त पाहतो.”

त्यांनी एक पान उघडलं आणि ओट्यावर बसून पाहत राहिले. त्यांना चित्र काढता येत नव्हतं, चौकोन कागदावर उतरवता येत नव्हते. ते बोटांनी गुडघ्यावर पावड्या दाबल्यासारखं करत, ओठ हलवत, पान पाठ करत. दुपारी भाकरी झाली, चहा झाला. संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. घरी पोचून, दिवा लावून, आधी त्या नक्षीची वीतभर पट्टी विणली आणि मगच जेवले. वाटेत गाडीत कुणी बोलायला लागलं तर नक्षी विसरायची भीती असे, म्हणून ते झोपेचं सोंग घेत.

पुढच्या खेपेला ती पट्टी त्यांनी सोबत आणली आणि त्या पानात ठेवून दिली. हे पान झालं, याची खूण.

असं सहा-सात वर्षं चाललं. मंजुळाबाईंच्या सासूबाईंना सुरुवातीला हे विचित्र वाटलं.

“कोन शे व हाऊ?” त्यांनी सुनेला विचारलं.

“धुयाना सत्तारभाई शेतस. पुस्तक देखाले येतस.”

“मंग दी टाक ना त्यासले.”

“त्या लेतस कोठे?”

नंतर सासूबाईच ओट्यावर गोणपाट टाकून ठेवू लागल्या. वर्गातल्या मुलींनी पट्ट्या पाहून विचारलं, की काकांचं कापड आणि आपला टाका एकाच चित्राचे कसे. मंजुळाबाई म्हणाल्या, चौकोन तेच, हात वेगळे. पुस्तक पट्ट्यांनी इतकं फुगलं की मिटेना. त्यांनी ते सुतळीनं बांधलं.

१९९६ च्या थंडीत सत्तार यांचे गुडघे धरले. खड्डामागावर आयुष्य काढणाऱ्या माणसाचे गुडघे कधीतरी धरतातच. माग कसाबसा चाले, पण एस.टी.च्या पायऱ्या चढवेनात. लागोपाठ दोन महिने साक्रीला जाणं झालं नाही आणि कापडवाल्याला जुनीच नक्षी गेली. त्यानं चादरी ठेवून घेतल्या, पण पुढची मागणी नोंदवली नाही. दारात यंत्रमागवाले येऊन खोलीचं माप घेऊन गेले. हसीनाबींनी त्यांना चहा दिला नाही.

मंजुळाबाईंना हे साक्रीहून बाजाराला येणाऱ्या बायकांकडून कळलं. त्या पुस्तक घेऊन थेट घरी गेल्या असत्या, तर सत्तार यांनी ते परत पाठवलं असतं. त्यांनी आधी चिंधा आबांना गाठलं.

“आबा, रुमालाखालचं परत देता येत नाही ना?”

“नई येत.”

“आणि पुन्हा विकायला आणलं तर?”

चिंधा आबांना आता नीट दिसत नव्हतं. त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. “बैल बाजारमा दहा खेपा येस, बाई. त्याले कोन अडाई?”

त्या बाजारी मंजुळाबाईंनी सुतळी बांधलेलं पुस्तक पोत्यावर ठेवलं. सत्तार खुर्चीवर बसलेले होते. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. हसीनाबींनी पुस्तक मांडीवर घेतलं, वर रुमाल टाकला. या वेळी फळी घरून आणलेली होती. ती बाजूला पडून राहिली.

पुस्तक जाड, शिवाय आतमध्ये कापडाचे नमुने. पाचोऱ्याहून आलेल्या एका शिवणवर्गवालीनं हात घातला. आणखी दोघींनी घातला. अभिमन टेलर आले. त्यांचं आता मोठं दुकान होतं आणि काचेच्या कपाटात ठेवायला काहीतरी हवं होतं. त्यांनी बोटं दाबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “भाभी, आज खरंच दाबलंय.”

शेवटी सत्तार उठले. गुडघ्यावर हात टेकत दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी स्वतःच विणलेल्या रुमालाखाली हात घातला. इतक्या वर्षांत ते विकणारे होते. आत हात घालायची ही पहिली वेळ.

“बायकोशी सौदा,” कुणीतरी म्हणालं. “आता बोटं मोडतात.”

हसीनाबी खाली पाहत होत्या. शहनाज सांगते, अब्बांचा हात आत जरा जास्त वेळ राहिला. मग हसीनाबींनी रुमाल उचलला आणि पुस्तक नवऱ्याच्या हातात दिलं.

अभिमन टेलर गप्प बसणारे नव्हते. “भाभी, मी किती दाबलं, आठवतंय ना?”

“आठवतंय.”

“यांनी त्याच्यावर दाबलं?”

“रुमाल उठला, अभिमनभाऊ,” हसीनाबी म्हणाल्या. “दुसरा माल बघा.”

अभिमननी चिंधा आबांकडे पाहिलं. चिंधा आबा म्हणाले, आपल्याला दिसत नाही. हसीनाबींनी ओढणीच्या टोकाला बांधलेले पैसे सोडून मंजुळाबाईंना दिले. मंजुळाबाईंनी ते न मोजता कमरेला खोचले.

माग आणखी तीन वर्षं चालला. कापडवाल्यानं दुकान मुलाकडे दिलं आणि मुलानं चादरी ठेवणं बंद केलं, तेव्हा सत्तार यांनी स्वतः खड्ड्यात माती लोटली. पुस्तकातली थोडी पानं विणायची राहिली. ती कुठली, हे पाहणं सोपं आहे: ज्यांच्यात पट्टी नाही ती.

पुस्तक शहनाजकडे आहे, लाल काठाच्या त्याच रुमालात बांधलेलं. त्या दिवशी अब्बांनी किती बोटं दाबली, हे तिनं आईला अनेकदा विचारलं. हसीनाबी दर वेळी एकच सांगतात: ज्याचा हात धरला त्याचा आकडा सांगायचा नसतो. चिंधा आबांनी बजावलं होतं.