जित्त्या साहेबाच्या दारावर

आम्ही बायका एकदा चांगल्या धडधाकट माणसाच्या घरी सांत्वनाला गेलो होतो, आणि त्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही.

माझी आई बाजारात भरिताची वांगी विकायची. तिथे बायकांसाठी नवा संडास बांधला गेला. फीत कापली, फोटो निघाले आणि कुलूप लागलं. बाजाराचे साहेब म्हणाले, "उघडला तर घाण होईल." त्यामुळे अख्ख्या खानदेशात तेवढा स्वच्छ संडास नसेल, आत कोणी गेलंच नव्हतं ना! बायका मात्र सकाळपासून पाणी पीत नसत. ऐन वैशाखात आई नुसते ओठ ओले करायची. त्यातून तिला मूतखडा झाला. ती कळवळायला लागली की ते कुलूप दगडाने ठेचावंसं वाटायचं मला.

"दगड नको," शेजारी केळी विकणारी अक्का म्हणाली. "अर्ज करी झायात. आते रडूत."

आमच्याकडे कुणी गेलं की दारावर जातात. डोक्यावर पदर घ्यायचा, दारात पोचताच गळा काढायचा, जरा वेळ बसायचं. निघताना 'येते' मात्र म्हणायचं नाही, मुकाट उठायचं. तसल्या कामाला पुन्हा यायची वेळ कुणावर येऊ नये म्हणून.

रविवारी सकाळी आम्ही साहेबांच्या ओट्यावर बसलो. अक्काने असा गळा काढला की गल्लीतली कुत्री पळाली. शेजारचे एक नाना टोपी घालून आले. समोरची बाई कडू घास म्हणून पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली. तेवढ्यात साहेबच तोंडात ब्रश घेऊन बाहेर आले. त्यांना पाहून नाना जरा हिरमुसलेच.

साहेबांची बायको घाबरून म्हणाली, "अहो, गेलं कोण?"

"बाजारमाना बायासना संडास मरी गया, बहीन," अक्का हुंदका देत म्हणाली. "चाबी तुना साहेबनी दाबी ठेयेल शे. म्हनीसन आम्ही बठ्ठ्या बाया दारवर उनूत."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. साहेब फेसातून पुटपुटले, "उद्या बघतो."

अक्का उठली, आम्हीही उठलो. दारातून ती वळली, हात जोडले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "येतस बरं!"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या आत धावल्या आणि किल्ली आणून अक्काच्या हातावर ठेवली. "पाया पडते, पण पुन्हा येऊ नका हो!"

जग बदलणाऱ्या माणसांवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. ऐकताना मला हटकून त्या दुपारची आई आठवते. वांग्यांच्या ढिगामागे बसून, भर बाजारात, तिने तांब्या तोंडाला लावला. घटाघटा प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि रिकामा तांब्या माझ्यापुढे धरला.

"आखो भरी लय."