शिंजिराच्या घरट्याभोवतीची पानं

मंडळी, आज सकाळी बोर्डीला रमीलाताईंच्या चिकूच्या वाडीत गेलो होतो. पण कॅमेरा बॅगेतून बाहेरही काढला नाही. किळस आली.

त्यांच्या एका झाडावर इवल्याशा शिंजिराचं लोंबतं घरटं होतं, आत पिल्लं. चिकू तोडणाऱ्यांनी ती फांदी हलवू नये म्हणून ताईंनी तिला लाल चिंधी बांधली होती. त्यांच्या वाडीत दरवर्षी असंच करतात.

काल आपल्याच पक्षी-फोटोग्राफीच्या ग्रुपमधले दोघे जण मोठमोठ्या लेन्स घेऊन तिथे गेले. घरटं मोकळं दिसावं म्हणून त्यांनी भोवतीची सगळी पानं कात्रीने छाटली. फ्रेममध्ये येते म्हणून चिंधीही सोडून फेकली.

"पानंच नाय ठेवली, मग कावळ्याला दिसणारच ना!" ताई म्हणाल्या. घरटं फाटलं होतं. आत काहीच नव्हतं. चिंधी खाली पाचोळ्यात पडली होती.

घरी येऊन ग्रुप उघडला, तर त्यांनी काढलेला त्याच घरट्याचा फोटो सगळ्यात वर. "काय शार्प आलाय!" "एक नंबर, सर!" शी!

चिकूचं झाड केवढं दाट असतं, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. मग घरट्याभोवती एकही पान कसं नाही, हे तुमच्यापैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही?